नवी वीज-सायकल घ्यावी का?
डोंगरावर चढणाऱ्या सायकलीचा ऊर्जेचा हिशेब

कोणतेही यंत्र चार-पाच वर्षे वापरले की एक प्रश्न हमखास पडतो. आहे तेच चालवावे, की बाजारात आलेले नवे घ्यावे? पंप असो, संगणक असो की मोटारसायकल, जाहिरातीत नव्या यंत्राचे आकडे नेहमी मोठे असतात. पण तो मोठा आकडा आपल्या उपयोगाचा आहे की नाही, हे जाहिरात सांगत नाही. ते आपल्यालाच काढावे लागते, आणि त्यासाठी बहुतेक वेळा नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरते. या लेखात आपण एक उदाहरण घेऊन असा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. उदाहरण आहे विजेच्या डोंगरी सायकलीचे.

यंत्राची ओळख

जाड टायरची, दगडधोंड्यांतून उतरणारी डोंगरी सायकल १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात आकाराला आली. पायडल मारणाऱ्याला मोटरची जोड देणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये विक्रीस आणली. या दोन कल्पना पुढे एकत्र आल्या. आज आल्प्सच्या वाटांवर अशा सायकली सर्रास दिसतात.

या सायकलीत मोटर पायडलच्या आसापाशी बसवलेली असते. पाय किती जोर लावतो आहे हे एक संवेदक मोजतो आणि मोटर त्या प्रमाणात आपला जोर मिळवते. पाय थांबले की मोटरही थांबते. युरोपीय संघाच्या नियमानुसार मोटरची सातत्याने मिळणारी शक्ती २५० वॅटपर्यंत असावी लागते आणि वेग ताशी २५ किलोमीटर झाला की मोटरची मदत बंद व्हावी लागते. थोड्या वेळासाठी मात्र मोटर याच्या दुपटीहून अधिक शक्ती देऊ शकते.

गेल्या काही वर्षांत आकडे कसे बदलले ते पाहा. बॉश कंपनीच्या डोंगरी सायकलींसाठीच्या मोटरचे वजन २०१९ मध्ये सुमारे ४ किलोग्रॅमवरून २.९ किलोग्रॅमवर आले. तिचा टॉर्क, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील बल-आघूर्ण, ७५ न्यूटन-मीटर होता. २०२० मध्ये तो ८५ झाला. २०२४ मध्ये ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने १०५ न्यूटन-मीटरची मोटर आणली. २०२५ मध्ये बॉशच्या नव्या मोटरचा टॉर्क ८५ वरून १०० वर गेला. बॅटऱ्याही ५०० वॅट-तासांवरून ८०० वॅट-तासांपर्यंत वाढल्या.

यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०२० आणि २०२५ मधील बॉशची वाढ केवळ संगणकीय आज्ञावली बदलून झाली. मोटरमधले तांबे आणि लोखंड तेच राहिले. म्हणजे टॉर्कचा आकडा काही अंशी यंत्राचा असतो आणि काही अंशी ते कसे लावून दिले आहे याचा असतो.

एका चढाचा हिशेब

स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड हे गाव समुद्रसपाटीपासून १०३४ मीटर उंचीवर आहे. तेथून क्लाइन शायडेक या खिंडीपर्यंत सायकलने जाता येते. युंगफ्राऊला जाणारी प्रसिद्ध रेल्वे याच खिंडीतून सुटते. खिंडीची उंची २०६१ मीटर, म्हणजे चढ १०२७ मीटरचा.

समजा स्वाराचे वजन ७५ किलोग्रॅम, सायकलचे २४ आणि पाणी, कपडे, हत्यारे यांचे ६. एकूण १०५ किलोग्रॅम. स्थितिज ऊर्जेत होणारी वाढ अशी:

१०५ × ९.८ × १०२७ = सुमारे १०,५७,००० ज्यूल

एक वॅट-तास म्हणजे ३६०० ज्यूल. म्हणून ही ऊर्जा सुमारे २९४ वॅट-तास झाली. यात जमिनीचे लोटण घर्षण मिळवू. वाट १० किलोमीटरची आणि खडीच्या वाटेवरचा घर्षणांक ०.०२ धरला, तर आणखी सुमारे ५७ वॅट-तास लागतात. चढावर वेग कमी असल्याने हवेचा विरोध सोडून देऊ. एकूण गरज ३५० वॅट-तासांची.

ही ऊर्जा पाय आणि मोटर मिळून देतात. सवय असलेला माणूस तासभर १०० वॅट सहज देऊ शकतो. मोटर ३०० वॅट देत असेल तर दोघांचे मिळून ४०० वॅट, आणि चढ सुमारे ५२ मिनिटांत संपेल. या वेळात पायांनी दिले ८८ वॅट-तास आणि मोटरने २६२. मोटर व तिच्या गिअरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर बॅटरीतून ३५० वॅट-तास खर्च होतील.

आता नवी, अधिक जोरकस मोटर घेऊ. ती ५०० वॅट देते असे समजा. चढ ३५ मिनिटांत संपतो. पण पायांना काम करायला वेळच कमी मिळाला, त्यामुळे त्यांचा वाटा ५८ वॅट-तासांवर आला. बाकीचे २९२ मोटरला द्यावे लागले आणि बॅटरीतून सुमारे ३९० वॅट-तास गेले. डोंगराची उंची बदललेली नाही, तरी जोरकस मोटरने बॅटरी अधिक रिकामी केली. सतरा मिनिटे वाचली, त्यांची ही किंमत.

टॉर्क आणि वजन

जास्त टॉर्क असेल तर जास्त उभा चढ चढता येतो, हे खरे. पण किती उभा? पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५१ दाते असतील, तर पायडलपाशी असलेला टॉर्क मागच्या चाकापाशी दीडपट होतो. ७५ न्यूटन-मीटरचे ११२ झाले. चाकाची त्रिज्या ०.३७ मीटर धरली, तर जमिनीवर मिळणारे बल सुमारे ३०४ न्यूटन. आपल्या १०५ किलोग्रॅमचे वजन १०२९ न्यूटन आहे. ३०४ ला १०२९ ने भागले की ०.२९५ येते, आणि ही सुमारे १७ अंशांची ज्या आहे. म्हणजे जुनी मोटर पायांच्या मदतीशिवायही १७ अंशांचा चढ तोलू शकते. क्लाइन शायडेकच्या वाटेचा सरासरी चढ सुमारे ६ अंश आहे.

मोटरचा टॉर्क १०० झाला, तर हाच कोन सुमारे २३ अंश होतो. पण इतक्या चढावर दुसरीच अडचण आधी येते. पुढचे चाक उचलले जाते किंवा मागचा टायर सुट्या खडीवर घसरतो. तेथे टायरची पकड आणि स्वाराचा तोल महत्त्वाचा, मोटर नव्हे. उभ्या चढावर थांबून पुन्हा निघायचे असेल, किंवा स्वार बराच वजनदार असेल, तर मात्र वाढीव टॉर्कचा खरा उपयोग होतो.

नवी सायकल दोन किलोग्रॅमने हलकी आहे असे समजा. या दोन किलोग्रॅमसाठी लागणारी ऊर्जा १०५ पैकी २, म्हणजे २ टक्क्यांहून कमी. ३५० वॅट-तासांत सुमारे सात वाचले. सायकल उचलून कुंपणावरून न्यायची असेल, अवघड वळणावर हातांनी फिरवायची असेल, तर हलकेपणा जाणवतो. बॅटरीच्या हिशेबात तो जवळजवळ दिसत नाही.

उतार विसरू नये

चढताना साठवलेले १०,५७,००० ज्यूल उतरताना कोठे जातात? इतक्या ऊर्जेत तीन लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापवता येईल. काही वाटा जमीन आणि हवा घेतात. उरलेला सगळा ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन जातो. ही ऊर्जा बॅटरीत परत भरता येत नाही, कारण उतारावर मागचे चाक फिरत असले तरी फ्रीव्हीलमुळे चेन आणि मोटर स्वस्थ असतात.

साध्या सायकलीपेक्षा ही सायकल दहा-बारा किलोग्रॅमने जड असते आणि मोटरमुळे माणूस दिवसात जास्त चढ चढतो, म्हणून तो जास्त उतरतोही. झिजलेले ब्रेक आणि गुळगुळीत झालेले टायर असलेल्या जुन्या सायकलीवर पहिला खर्च करायचा तो यांच्यावर. हा खर्च नव्या सायकलीच्या किमतीच्या तुलनेत अगदी थोडा असतो आणि जिवाशी संबंधित असतो.

बॅटरीचे वय

या सायकलींमध्ये लिथियम-आयन घट असतात. असे घट १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम विक्रीस आणले आणि त्यांच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका घटाचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट असतो. दहा घट एकसरीत जोडले की ३६ व्होल्ट मिळतात, आणि अशा चार ओळी समांतर जोडल्या की साधारण ५०० वॅट-तासांची बॅटरी होते.

घटाच्या ऋण अग्रावर वापराबरोबर आणि नुसत्या काळाबरोबरही एक पातळ थर जाड होत जातो. त्यात लिथियम अडकून पडते आणि क्षमता घटते. उष्णता आणि पूर्ण भरून ठेवून देणे या दोन गोष्टींनी हे लवकर घडते. म्हणून बॅटरी बरेच दिवस वापरायची नसेल तर ती अर्धी भरून थंड जागी ठेवावी.

आपली ५०० वॅट-तासांची बॅटरी जुनी होऊन ८० टक्क्यांवर आली असेल, तर तिच्यात ४०० वॅट-तास मावतात. क्लाइन शायडेकचा चढ ३५० मागतो. म्हणजे स्वार वर पोहोचेल, पण हाताशी फक्त ५० उरतील. नवी असताना १५० उरत होते. 'सायकल दमली' असे स्वाराला वाटते ते यामुळे. मोटर दमलेली नसते.

किती क्षमता उरली आहे हे घरी अंदाजे मोजता येते. बॅटरी वापरून जवळजवळ रिकामी करावी आणि चार्जर वीज मोजणाऱ्या छोट्या मीटरमधून जोडावा. पूर्ण भरेपर्यंत मीटरने ४४० वॅट-तास दाखवले आणि चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर बॅटरीत सुमारे ४०० गेले.

निर्णय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वाराने चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, दिवसात किती मीटर चढायचे असते? एकदाच हजार मीटर चढणाऱ्याला ५०० वॅट-तासांची धडधाकट बॅटरी पुरते. दोनदा चढायचे तर बेताच्या वेगाने ७०० लागतील. तेथे ८०० वॅट-तासांची नवी सायकल खरोखर वेगळे काही देते.

दुसरी, बॅटरीत किती उरले आहे? खालावलेली क्षमता हीच तक्रार असेल, तर नवी बॅटरी हा तिच्यावरचा नेमका उपाय आहे.

तिसरी, ती बॅटरी मिळते का? ही अडचण भौतिकशास्त्राची नाही, पण अनेकदा हीच निर्णायक ठरते. बॉशने २०२१ मध्ये नवी प्रणाली आणली. तिच्या बॅटऱ्या आधीच्या सायकलींना चालत नाहीत. एका कंपनीच्या मोटरसाठी केलेल्या सांगाड्यात दुसरीची मोटरही बसत नाही. जुन्या प्रणालीची बॅटरी मिळेनाशी झाली की चांगली सायकल निरुपयोगी होऊ शकते. अशा वेळी अनोळखी कारागिराकडून बॅटरी उघडून घट बदलून घेण्याचा मोह टाळावा. चुकीच्या जोडणीने लिथियम-आयन घट पेट घेतात आणि ती आग विझवणे कठीण असते.

चौथी, नव्या सायकलीतला कोणता गुण हिशेबात येत नाही, पण रोज जाणवतो? बॉशच्या २०१९ पूर्वीच्या मोटरमध्ये पुढचे छोटे चक्र पायडलच्या अडीचपट वेगाने फिरे आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे पायांना मोटरचा अडसर जाणवे. २०१९ च्या मोटरमध्ये मदत थांबताच मोटर पायडलपासून सुटी होते. जो सपाट रस्त्यावर वेगाने जातो त्याला हा फरक टॉर्कच्या आकड्यापेक्षा मोलाचा.

म्हणून २०१९ नंतरची मोटर, दिवसाकाठी एक मोठा चढ आणि बॅटरी मिळण्याची सोय, या तिन्ही गोष्टी असतील तर आमच्या मते नवी सायकल घेऊ नये. बॅटरी, ब्रेक आणि टायर बदलावेत. दिवसाला दोन मोठे चढ असतील किंवा बॅटरी मिळतच नसेल, तर नवी घ्यावी.

वर्गात करण्यासाठी

वीज-सायकल हाताशी नसली तरी हा हिशेब वर्गात करता येतो. एका मजल्याची उंची मोजा. विद्यार्थ्याचे वजन करा आणि जिना भराभर चढायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा. ५० किलोग्रॅमचा विद्यार्थी ३ मीटर १० सेकंदांत चढला, तर त्याची शक्ती १४७ वॅट झाली. हाच विद्यार्थी पाठीवर दोन किलोग्रॅमचे दप्तर घेऊन पुन्हा चढला, तर वेळेत फरक दिसतो का? आणि १४७ वॅट तो किती मिनिटे टिकवू शकेल? यानंतर विद्यार्थ्यांना कोणत्याही यंत्राची एक जाहिरात आणायला सांगावी. तिच्यातील प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहावे, आणि तो आकडा दुप्पट झाला तर आपल्या कोणत्या कामात किती फरक पडेल हे गणित करून दाखवावे. ज्या आकड्याबाबत उत्तर 'काहीच नाही' असे येईल, त्यासाठी जास्त पैसे मोजायचे का, हे विद्यार्थीच सांगतील.