विमानातून दिसणारा मिथेन

मिथेनला ना रंग, ना वास. तरी तो विमानातून टिपता येतो. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशातला सुमारे २३०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा भाग मिथेन शोषून घेतो. नासाच्या ‘एव्हिरिस-एनजी’ या वर्णपटमापकाच्या नोंदीत नेमका तेवढाच उजेड कमी भरतो आणि वायूचा लोट नकाशावर उमटतो. २०१६ ते २०१८ दरम्यान कॅलिफोर्नियावर केलेल्या उड्डाणांत असे ५६४ ठळक स्रोत सापडले. या सर्व स्रोतांच्या मिळून मिथेनपैकी सुमारे ६० टक्के त्यांतल्या जेमतेम १० टक्के स्रोतांतून निघत होता! सर्वांत मोठा वाटा कचराडेपोंचा. हेच उपकरण २०१५-१६मध्ये इस्रोच्या विमानातून भारतावरही फिरले, ते मुख्यतः पिके, जंगले, खनिजे यांच्या अभ्यासासाठी. आपल्या कचराडेपोंवरूनही अशी उड्डाणे व्हायलाच हवीत.