खो-खोच्या मैदानावर सॉफ्ट स्किल्स कशी शिकवली जातात?

सॉफ्ट स्किल्स म्हटलं की डोळ्यांसमोर येतो टाय लावलेला ट्रेनर आणि महागडा क्लास. पण सातारा-सांगलीकडच्या हायस्कूलांत हा तास मैदानावर केव्हापासून भरतोय, फक्त वेळापत्रकात त्याचं नाव 'पीटी' आहे.

खो-खोच घ्या. पाठलाग करणारे 9 जण. त्यातले 8 एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेले, नववा धावणारा. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही, मधली पाटीही ओलांडायची नाही. समोरचा पलीकडे निसटला, की त्याला स्वतःच बाद करायचा मोह सोडून 'खो' द्यावाच लागतो. बसलेल्याने खो मिळण्याआधी उठलं तर फाउल. संधी दुसऱ्याला देणं आणि आपली पाळी येईपर्यंत सावध बसणं, दोन्ही इथे नियमातच आहे. (ऑफिसातल्या टीम बिल्डिंगच्या खेळांत हे क्वचितच जमतं.)

साताऱ्याच्या अदिती स्वामीचा खेळ वेगळा, तिरंदाजीचा. तिथे खो द्यायला कुणी नसतं. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला 17 व्या वर्षी ती कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात 15 बाणांत तिने 150 पैकी 149 गुण मिळवले. एक गुण गेल्यावरही पुढच्या बाणाला हात स्थिर ठेवायचा, हे सरावानेच येतं.

नाटकाचंही तसंच. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीतच 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. आज तिथल्या गॅदरिंगमध्ये एखादा वाक्य विसरला की समोरचा वेळ मारून नेतो. ऐकून घेणं म्हणजे काय, ते तेव्हा कळतं.

अर्थात हे आपोआप होत नाही. हरल्यावर सर फक्त ओरडले तर मुलं भीतीच शिकतात. कुठे चुकलं हे त्यांनाच विचारलं तर चूक मान्य करायला शिकतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं, अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत नको. प्रत्यक्षात दहावी आली की आधी मैदान सुटतं, क्लास नाही. बोर्डाचे क्रीडा सवलतीचे गुण आहेत, पण ते ठरतात स्पर्धेच्या स्तरावर आणि प्रमाणपत्रावर. शाळेच्या मैदानावर वर्षभर वेळेवर खो देणाऱ्या, पण संघात निवड न झालेल्या मुलीसाठी गुणपत्रिकेत रकाना नाही.