यादीतली छुपी ओळ

शिष्यवृत्ती असो, घरकुल असो की बचत गटाचा हिशेब, आता बहुतेक याद्या संगणकावर एक्सेलमध्ये होतात. कागदावर नाव स्पष्ट दिसते, पण संगणक म्हणतो, "सापडत नाही." मग गरिबाच्या खेपा सुरू! कित्येकदा याचे कारण न दिसणारे एक चिन्ह असते.

जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की दांडा ओढावा लागे. त्याने दोन कामे होत : गाडी मूळ जागी परत येई आणि कागद एक ओळ वर सरके. संगणकातही या दोन कामांना क्रमांक आहेत. गाडी परतणे १३ आणि नवी ओळ १०. एक्सेलच्या चौकटीत ऑल्ट दाबून एंटर मारले की हा १० क्रमांक तिथे बसतो.

लोहारा तालुक्यातील माकणीची यादी घेऊ. 'माकणी' या शब्दात संगणक ५ चिन्हे मोजतो. त्यामागे छुपी ओळ असली तर ६ मोजतो. आपल्याला गाव एकच, संगणकाला मात्र दोन! दोन याद्यांची तंतोतंत जुळणी करताना अशी मुलगी हक्काच्या शिष्यवृत्तीतून गळू शकते. शंका आली तर 'लेन' या सूत्राने चिन्हे मोजून पाहावीत.

उपाय सोपा आहे. मजकूर ए२ चौकटीत असेल तर शेजारच्या रिकाम्या चौकटीत हे सूत्र इंग्रजी अक्षरांत व अंकांत टाइप करावे :

=ट्रिम(क्लीन(सब्स्टिट्यूट(ए२,कॅर(१०)," ")))

यातील 'सब्स्टिट्यूट' नव्या ओळीच्या जागी मोकळी जागा ठेवते, 'क्लीन' १३ क्रमांकासारखी उरलेली छुपी चिन्हे काढते आणि 'ट्रिम' जादा मोकळ्या जागा पुसते. नुसते 'क्लीन' वापरू नये. त्याने दोन ओळींतला पत्ता एकमेकांना चिकटून 'माकणीता. लोहारा' असा होतो.

सूत्र खालपर्यंत ओढून घ्यावे. आलेला मजकूर कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज'ने कायम करावा. मूळ यादीची एक प्रत मात्र जपून ठेवावी.

आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी एवढे जरूर शिकून घ्यावे. यादी पाठवण्याआधी पाच मिनिटे दिली, तर कुणाच्या आईची एक दिवसाची मजुरी बुडणार नाही.