मोटर घेताना फक्त हॉर्सपॉवर पाहू नका

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील कारखानदारी मुख्यतः कापूस, डाळ आणि तेल यांवर उभी आहे. या कारखान्यांत वायरिंग करणारे, मोटरचे वाइंडिंग भरणारे आणि मशिनरी बसविणारे आपले अनेक बांधव आहेत. मालक म्हणूनही आहेत. मोटर घेताना किती हॉर्सपॉवरची, एवढेच बहुधा विचारले जाते. ती कोणत्या जागी चालणार, हा प्रश्न राहून जातो. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

ओल, धूळ आणि वाफ हे मोटरचे तीन वेगवेगळे शत्रू आहेत. एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

दालमिलमध्ये तुरीला तेल-पाणी दिले जाते. अशा ठिकाणी किंवा पावसाळ्यात गळणाऱ्या शेडमध्ये वाइंडिंग ओल धरते आणि करंट मोटरच्या बॉडीवर उतरतो. तेथे निदान आयपी 55 ची मोटर घ्यावी. यातला पहिला आकडा धुळीपासून, दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. मात्र टर्मिनल बॉक्सचे एक भोक उघडे राहिले, तर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. केबल ग्लँडमधून खालच्या बाजूने घ्यावी आणि ग्लँडपूर्वी तिला झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच टपकून जाते. बंद पडलेली मोटर पावसाळ्यात सुरू करण्यापूर्वी 500 व्होल्टच्या मेगरने तपासावी. रीडिंग 1 मेगओहमच्या खाली असेल, तर आधी ती वाळवावी.

जिनिंगमध्ये रुईचे तंतू मोटरच्या पंख्याच्या जाळीवर बसतात. हवा अडली की मोटर तापते, आणि त्याच तंतूंना आग लागते. म्हणून जाळी रोज, मोटर बंद करून साफ करावी. ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवरील अँपिअरप्रमाणेच लावावा. वारंवार ट्रिप होतो म्हणून तो वाढवून ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

पेंडीतून तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट कारखान्यात हेक्झेन वापरतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात, नालीत साचते आणि एका ठिणगीने पेटते. तेथे फ्लेमप्रूफ मोटरच लागते. ही मोटर वाफ आत येऊ देत नाही, असा समज चुकीचा आहे. आत स्फोट झालाच, तर ज्वाला झाकणाच्या अरुंद फटीतून जाताना थंड होते आणि बाहेरची वाफ पेटत नाही. म्हणून वाइंडिंग करणाऱ्यांनी त्या फटीच्या पृष्ठभागावर कानस चालवू नये, रंग लावू नये, मनाने पॅकिंग घालू नये. एकही बोल्ट कमी ठेवू नये. अशा मोटरची दुरुस्ती त्या कामाची माहिती असलेल्या कारखान्याकडेच द्यावी.

आता अर्थिंगविषयी. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडावेत, हा नियम जुना आहे. 1956 च्या वीज नियमांत तो होता आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांतही आहे. आपल्या वऱ्हाडात यात आणखी एक अडचण आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थच्या पाइपपासून सुटते आणि अर्थिंग कमजोर पडते. म्हणून त्याची तपासणी मे महिन्यात करावी आणि खड्ड्यात पाणी घालत राहावे. दर्यापूर, अकोटकडील खारपाणपट्ट्यात मातीतील क्षारामुळे लोखंडी पाइप व पट्टी लवकर गंजते. तेथे जोड दरवर्षी उघडून पाहावेत.

फ्यूज आहे, मग भीती कशाची, असे अनेकांना वाटते. फ्यूज वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या रक्षणासाठीचे ईएलसीबी 30 मिलीअँपिअरच्या गळतीवर तुटते. 15 अँपिअर हा त्याच्या 500 पट झाला. हातात धरायचे ग्राइंडर, ड्रिल आणि ओल्या जागेतील फिरते पंप यांना 30 मिलीअँपिअरचे ईएलसीबी अवश्य लावावे.

मालकांना आमची विनंती आहे की, काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि ग्लँड व अर्थिंगचा खर्च कापू नये. कारागीर बांधवांनीही अर्धवट काम करून देण्यास स्पष्ट नकार द्यावा. ओल्या फरशीवर त्या मोटरला पहिला हात बहुधा कामगाराचा किंवा शागीर्दाचा लागतो.