संगणकाचा वीजपुरवठा : पारख आणि निवड

घरासाठी किंवा कचेरीसाठी टेबलावरचा संगणक घ्यावयाचा म्हटले, म्हणजे प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा केवढा याची आपण कसून चौकशी करतो. कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसविलेल्या लोखंडी डब्याविषयी मात्र कोणी अवाक्षरही काढीत नाही. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. किंमत उतरवावयाची झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. वास्तविक संगणकाच्या प्रत्येक भागाला वीज मिळते ती याच्याच हातून. आणि हलक्या प्रतीचा डबा जळाला तर प्रसंगी मदरबोर्ड व डिस्क यांनाही सोबत घेऊन जातो. डिस्क पुन्हा विकत मिळते. तिच्यावरील मुलाचा प्रबंध किंवा दुकानाचा वर्षभराचा हिशेब मिळत नाही.

या डब्याचे काम काय? भिंतीतील वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा आवर्तन करणारी. संगणकाला हवी असते ती एकाच दिशेने वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. आजच्या संगणकात प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे ग्राहक मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. म्हणून डब्यावरील ठळक आकड्यावर भिस्त न ठेवता खालचा बारीक तक्ता वाचावा. समजा, वर ‘४५०’ असे छापले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिले आहेत. बाराला सोळाने गुणा, १९२ येतात. म्हणजे खऱ्या कामाची शक्ती १९२ वॉट. बाकीचा आकडा बहुतांशी शोभेचा! चांगल्या डब्यात जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टवरच उपलब्ध असते.

किती वॉटचा घ्यावा? वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कचेरीच्या साध्या संगणकाला एरवी १५० वॉटही लागत नाहीत. कार्ड असल्यास त्याची व प्रोसेसरची कमाल गरज मिळवावी, इतर भागांसाठी ५० ते १०० वॉट धरावे, आणि येणाऱ्या बेरजेवर तिसरा हिस्सा राखीव ठेवावा. याहून मोठा आकडा घेण्यात पैसा जातो, पदरात काही पडत नाही.

आता उष्णतेचा विचार. भिलाईजवळच्या बोरसीसारख्या वस्तीत मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, आणि बंद खोलीतील कॅबिनेटच्या आत त्याहूनही अधिक तापते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथील घरांची कथा वेगळी नाही. डब्याची शक्ती कोणत्या तापमानाला मोजली, हे म्हणूनच विचारले पाहिजे. कोणी ती ४० अंशांवर सांगतो, कोणी ५० अंशांवर. आपल्याला ५० अंशांवरची हवी. आतील कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीबरोबर साधारणतः निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे.

कार्यक्षमतेचा संबंधही उष्णतेशीच. संगणकाला २०० वॉट हवे असता ७५ टक्के कार्यक्षम डबा भिंतीतून सुमारे २६७ वॉट ओढतो, ९० टक्क्यांचा २२२. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरल्यास सुमारे १०७ युनिटांचा फरक पडतो. ‘८० प्लस’ ही पारख २००४ पासून चालू आहे. तिच्या मूळ पायरीत २०, ५० व १०० टक्के भारावर निदान ८० टक्के कार्यक्षमता लागते. ब्राँझ, गोल्ड या तिच्या वरच्या पायऱ्या. परंतु हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, सुरक्षिततेचे नव्हे. जादा प्रवाह, जादा दाब, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णता यांपासून संरक्षण आहे की नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे.

घरातील अर्थिंगही तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात, तेव्हा बहुधा अर्थिंग नसते. डब्यातील गाळणीचा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी पत्र्यावर रेंगाळतो. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवाच, कारण वीज गेल्यावर डबा सेकंदाच्या साठाव्या भागाएवढाच तग धरतो. निराळ्या कंपनीच्या डब्याच्या सुट्या केबली मात्र जोडू नयेत. प्लग बसला तरी आतील तारांचा क्रम निराळा असू शकतो. जुन्या डब्याचा १२ व्होल्टचा दाब भाराखाली ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेल्यास तो बदलावा. घरी उघडू मात्र नये. वीज काढल्यानंतरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

कचेरीच्या खरेदीत तर अधिकच दक्षता हवी. मागणीपत्रात नुसते ‘४५० वॉट’ लिहिले, म्हणजे सर्वांत कमी दराचे ४५० पदरी पडतात, आणि नियमाने त्यांना नाकारताही येत नाही. त्याऐवजी १२ व्होल्टवरील अँपिअर, मोजणीचे तापमान, संरक्षणे आणि हमीची वर्षे या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. मग स्वस्त माल आणि हलका माल यांतील भेद निविदा उघडतानाच कळून येतो. उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारपर्यंत त्यासाठी थांबावे लागत नाही.