फाईलच काढते चित्र!

पंचगंगा कृष्णेला मिळते ती आमच्या कुरुंदवाडजवळ. त्यामुळे राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथली पोरंटोरंसुद्धा सांगतात! समजा, कुणी ही पाणीपातळी दाखवणारी वेबसाईट केली. त्यात चार प्रोग्रॅम: आकडे गोळा करणारा, डेटाबेस, एपीआय आणि वेबपेज. प्रत्येकाचा डबा वेगळा, म्हणजेच कंटेनर. २०१३ साली आलेल्या डॉकरमुळे हे डबे सगळीकडे रुळले. ते एकत्र कसे चालवायचे, हे कंपोजच्या यॅमल फाईलमध्ये लिहितात.

आता आर्किटेक्चर डायग्रॅम. आपण ती सबमिशनच्या आदल्या रात्री पॉवरपॉईंटमध्ये चौकोन ओढून काढतो (खरं सांगा!). पुढच्या महिन्यात कुणीतरी रेडिस जोडतो, चित्र मात्र जुनंच. जुलैच्या रात्री दोन वाजता साईट बंद पडली, की ड्युटीवरचा माणूस त्याच चित्रावर विश्वास ठेवून भलताच डबा उघडत बसणार. तोवर नदी थांबते थोडीच!

मग फाईलवरूनच चित्र काढलं तर? एक छोटा प्रोग्रॅम यॅमल वाचतो. प्रत्येक सर्व्हिसचा चौकोन, 'डिपेंड्स ऑन'चा बाण, व्हॉल्यूमचा नळकांड्यासारखा आकार, आणि पोर्ट म्हणजे बाहेरचा दरवाजा. हे सगळं तो डॉट नावाच्या भाषेत लिहितो, आणि कुठला चौकोन कुठे बसवायचा ते एटी अँड टी च्या लॅबमध्ये जन्मलेलं ग्राफव्हिझ ठरवतं. कंपोजमध्येच 'अल्फा व्हिझ' ही प्रायोगिक कमांडही आली. मर्मेड वापरलं तर २०२२ पासून गिटहब ते चित्र थेट दाखवतं.

पण एक गोची आहे. 'डिपेंड्स ऑन' फक्त आधी कोण सुरू होणार ते सांगतं. डेटाबेस तयार झाला का, हेही तो साधा बाण बघत नाही, त्यासाठी हेल्थचेकची अट वेगळी लिहावी लागते. कोण कुणाशी बोलतं ते बहुतेक वेळा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधल्या पत्त्यात लपलेलं असतं. म्हणून चांगलं टूल तेही वाचतं, आणि नेटवर्कप्रमाणे डब्यांचे गट पाडतं. नेटवर्क एक नसेल तर डबे एकमेकांना दिसतच नाहीत.

आणि पातळीचे आकडे ज्या बाहेरच्या सर्व्हरवरून येतात, तो आपल्या फाईलमध्ये डबा म्हणून नाहीच! तो चौकोन हातानेच काढायचा, तुटक रेषेने. बाकीचं चित्र प्रत्येक कमिटला आपोआप नवं होऊ दे.