लासलगाव ते आझादपूर : भावातल्या फरकाचं गणित

लासलगावच्या लिलावातला कांद्याचा भाव आणि दिल्लीच्या आझादपूर मंडईतला भाव शेजारी-शेजारी छापून आले, की ‘मधले खातात’ असं म्हणून चर्चा संपते. या फरकाचा हिशेब मांडायची रीतसर पद्धत अर्थशास्त्रात सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे. ती माहीत नसल्याने काही समजुती पक्क्या होऊन बसल्या आहेत.

गैरसमज : दोन बाजारांतल्या भावांत फरक आहे, म्हणजे लूट आहे.

वस्तुस्थिती : समजा, लासलगावात क्विंटलला १५०० रुपये भाव आहे आणि ट्रकभाडं, बारदान, हमाली, अडत, वाटेतली सड-घट व व्यापाऱ्याचा रास्त नफा मिळून ७०० रुपये होतात. मग दिल्लीत २२०० रुपये भाव असणं हा समतोल झाला. तिथे २००० रुपयेच मिळत असतील, तर माल दिल्लीला जाणारच नाही. २६०० मिळत असतील, तर व्यापारी तिकडे धावतील, दिल्लीत आवक वाढेल आणि फरक पुन्हा ७०० कडे येईल. इतकं होऊनही दिल्लीचा भाव २६०० वरच टिकला, तर मात्र संशयाला जागा आहे: वाट कुठेतरी अडली आहे किंवा खरेदीदार मोजकेच आहेत.

गैरसमज : शेतकरी, व्यापारी, ग्राहक आपापलं बघतात; त्याचं गणित कसं मांडणार?

वस्तुस्थिती : १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ स्टीफन एन्के यांनी हा प्रश्न चक्क विजेच्या मंडलावर सोडवायची रीत सुचवली. त्यात व्होल्टेज म्हणजे भाव आणि विद्युतप्रवाह म्हणजे मालाची ने-आण. पुढच्याच वर्षी पॉल सॅम्युएलसन यांनी दाखवलं, की सगळ्या बाजारांचा एकत्रित लाभ, वाहतूकखर्च वजा करून, जास्तीत जास्त करण्याचं गणित सोडवलं की हाच समतोल मिळतो. प्रत्यक्षात हा एकत्रित लाभ वाढवायला कोणीही बसलेलं नसतं. पुढे ताकायामा आणि जज यांनी या पद्धतीत अनेक वस्तू आणि काळही आणला. त्यामुळे कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा, हा निर्णयही त्याच चौकटीत बसला.

गैरसमज : भाडं कमी झालं, की सगळा फायदा ग्राहकाला किंवा व्यापाऱ्याला.

वस्तुस्थिती : ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर ही पहिली किसान रेल्वे सुटली, पुढे फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलतही मिळाली. व्यापाऱ्यांत खरी स्पर्धा असेल, तर अशी बचत त्यांच्याकडे राहत नाही. ती उत्पादक आणि ग्राहक यांच्यात वाटली जाते. ज्याला भाव बघून हात आखडता घेता येत नाही, त्याच्या वाट्याला बचतीचा मोठा भाग येतो. निघालेला, टिकणार नसलेला कांदा शेतकऱ्याला विकावाच लागतो. म्हणून भाडं घटलं की जास्त फायदा त्याचा, आणि वाढलं की जास्त झळही त्यालाच.

गैरसमज : बंदी परदेशी जाणाऱ्या मालावर असते, देशातल्या बाजारांना काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली, मे २०२४ मध्ये बंदी उठवताना टनाला किमान ५५० डॉलर मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावलं. एक गिऱ्हाईक बाद झालं, की तो माल उरलेल्या बाजारांकडे वळतो आणि उगमाचा भाव उतरतो. ज्याने आयुष्यात एक गोणी निर्यात केली नाही, त्या शेतकऱ्यालाही कमी भाव मिळतो. शहरातल्या ग्राहकाला दिलासा मिळतो, पण त्याची किंमत उत्पादक मोजतो.

गैरसमज : रस्ता आणि ट्रक असले, की समतोल आपोआप येतो.

वस्तुस्थिती : भावाची खबरही लागते. १९९७ ते २००१ दरम्यान उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल सेवा आली. त्याआधी एका किनाऱ्यावर मासळी फेकून द्यावी लागे, तर जवळच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार, समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर किनाऱ्या-किनाऱ्यांतली तफावत घटली आणि नासाडी जवळपास थांबली. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, ग्राहकाचा भाव सुमारे ४ टक्के उतरला.

हे गणित उद्याचा भाव सांगत नाही आणि कोणालाही निर्दोष ठरवत नाही. दोन भाव समोर आले, की आधी मधला खर्च वजा करा. जाब विचारायचा तो उरलेल्या रकमेचा.